दाराला पिशवी नसलेलं घर

पोर्तुगालमधल्या या गावात, आमच्या गल्लीत पहाटे सहाला प्रत्येक दाराच्या कडीला एक कापडी पिशवी लटकत असते. कुणाची चौकड्यांची, कुणाची भरतकाम केलेली, कुणाची नुसती जुन्या चादरीची शिवलेली. इझौरा पोदेरीण, गावची पावाची भट्टी चालवणारी, गाडी घेऊन येते, ज्याच्या घरी जितके लागतात तितके मोठे पाव पिशवीत घालते आणि पुढे जाते. दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही. कोणाच्या घरी आज एक पाव जास्त गेला, कोणाकडे मुलगी माहेरी आली, हे इझौराला सगळ्यांच्या आधी कळतं. ती बोलत नाही. बोलली असती तर तिचं दुकान कधीच बंद पडलं असतं, कारण तिच्या आजोबांवर गावाने लावलेला जुना डाग आहे.

कुस्तोदियामावशीच्या दाराला मात्र पिशवी नव्हती. मी या गावात येऊन सव्वीस वर्षं झाली, तेव्हापासून कधी पाहिली नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी ती बसने बाजारगावी जायची आणि कोटाच्या आत दडवून पाव आणायची, जसा काही चोरून आणलाय. सोमवारपर्यंत त्याचा दगड व्हायचा. मग लसूण, कोथिंबीर ठेचून घातलेल्या गरम पाण्यात तो भिजवायचा, वर अंडं फोडायचं आणि खायचा. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, दात चार, पण दारावरचा ताजा पाव नको.

कारण अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मलाही आल्या आल्या महिनाभरात कोणीतरी सांगितलंच.

एकोणीसशे बासष्ट साली शेतमजुरांनी आठ तासांच्या कामासाठी संप केला. तोवर सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत राबायची पद्धत होती. मावशीचा थोरला भाऊ वेनांसियो त्या संपात पुढे होता. हुकूमशहाचे गुप्त पोलीस माणसं उचलायला लागले तसा तो घरातच लपला, चुलीच्या मागे भिंतीत एक पोकळी होती तिथे. आईने पोदेराकडून एक पाव जास्त घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात शिपाई आले ते इकडे तिकडे न बघता थेट चुलीपाशी गेले. वेनांसियो चार वर्षांनी परत आला तो फुप्फुसं संपवून. वर्षभरात गेला.

जास्तीचा पाव कोणाला माहीत होता? पिशवीत घालणाऱ्याला. म्हणून इझौराचा आजोबा, बेलार्मिनो पोदेर, खबऱ्या ठरला. त्याने चर्चमध्ये क्रूसावर हात ठेवून शपथ घेतली, कोणी मानली नाही. गावात दुसरी भट्टी नव्हती म्हणून पाव त्याचाच खात राहिले, पण त्याच्याशी बोलायचे नाहीत. एक मावशीचं घर तेवढं पावही घेईना. आणि गावाने त्याचा मान ठेवला. बघा, याला म्हणतात बहिणीचं काळीज, असं म्हणायचे.

मी गावच्या वृद्ध केंद्रात काम करते. ज्यांना स्वयंपाक होत नाही त्यांना दुपारी घरपोच डबा देणं माझ्याकडे. नवऱ्याच्या वडिलांचा जन्म पोर्तुगीज राजवटीतल्या पेडण्यातला, त्या कागदांवर इथलं नागरिकत्व मिळालं, म्हणून आम्ही इथे आलो आणि राहिलो. मावशीचा डबा मी गेली सहा वर्षं नेत होते. दार उघडायच्या आधी ती आतून विचारायची, "कोण?"

"शैला."

"एकटी?"

"नाही, पोप आलेत बरोबर."

मग कडी निघायची. डबा हातात घेतला की पहिला प्रश्न, "कोणी शिजवलं?" दुसरा, "झाकण वाटेत कोणी उघडलं?" मग ती खिडकीची फळी लावून घ्यायची, रेडिओ मोठा करायची, आणि तेव्हा कुठे बोलायला लागायची. तेही हवापाण्याबद्दल. हवापाणी बोलायला रेडिओ कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "सवय राहू दे. वेळ सांगून येत नाही."

तिच्या लेखी सगळे चोर होते. नगराध्यक्ष चोर, डॉक्टर चोर, टीव्हीवर बातम्या देणारी बाई पगारी खोटारडी. बिशप अर्धा चोर, कारण उरलेला अर्धा देवाचा.

बाहेरून आलेल्यांना हाकला म्हणणारा नवा पक्ष गावात आला तेव्हा त्याचं पहिलं भित्तिपत्रक मावशीकडे लागलं. बाहेर नाही, आत, दाराच्या मागच्या बाजूला. मला राहवलं नाही.

"मावशी, हे लोक म्हणतात जुन्या काळी शिस्त होती, दारं उघडी टाकून झोपता यायचं. त्या जुन्या काळाने तुमचा भाऊ खाल्ला ना?"

ती चिडली नाही. रेडिओचं बटण आणखी फिरवलं.

"तू शिकलेली आहेस पण भोळी आहेस. ऐक. तेव्हा गावात खबरी किती होते? दहा तरी असतील. मग चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात क्रांती झाली, हुकूमशाही पडली. दुसऱ्या दिवशी चौकात बघते तर सगळ्यांच्या कोटाला लाल फूल! सगळेच आधीपासून शूर होते म्हणे. मग ते दहा कुठे गेले? हवेत विरले? तेच पुढे पंचायतीत बसले, तेच दर एप्रिलला भाषणं करतात. पन्नास वर्षं मी हे तोंड मिटून बघितलं. आणि आज एक जण उठून म्हणतो की हे सगळे खोटं बोलतात. मग त्याला मत देऊ नको तर कोणाला देऊ?"

"आणि तो खरं बोलतो?"

"तोही चोरच असेल. पण नवा आहे."

गंमत बघा, खबऱ्याची नात म्हणून जिच्याकडे बोट दाखवतात ती इझौरा दर एप्रिलच्या मिरवणुकीत लाल फूल लावून पहिल्या रांगेत. आणि जिचा भाऊ गेला ती या पक्षाकडे. लोक दोघींकडेही संशयाने बघायचे. मी कुणाला काही बोलत नसे. सकाळी देवीपुढे दिवा लावताना दोघींचीही नावं घ्यायचे, एवढंच.

मावशीच्या समोरचं घर चार वर्षांपासून बाहेरच्या मजुरांना दिलेलं. समुद्राकडे प्लॅस्टिकच्या छपराखाली रासबेरीची शेती आहे, तिथे जाणारे नेपाळचे लोक, दोन-तीन पंजाबचे. घर तीन खोल्यांचं. भाडेपट्ट्यावर नावं सहा. खरी माणसं चौदा. मला माहीत होतं, कारण त्यांच्या कागदांचे फॉर्म वाचून द्यायला टीकाराम नावाचा चाळिशीचा गृहस्थ माझ्याकडेच यायचा. त्यातल्या पाच जणांचे कागद अजून अडकलेले. तपासणी आली तर घर रिकामं होणार आणि त्या पाचांना थेट विमानात बसवणार, हे तोही जाणत होता.

गेल्या वर्षी निवडणुकीला तीन आठवडे असताना तोमे आला. औषधवाल्याचा मुलगा, विमा विकतो, नव्या पक्षाचं गावातलं काम बघतो. मी डबा घेऊन आत शिरले तेव्हा तो मावशीच्या टेबलाशी बसलेला. टेबलावर एक छापील कागद. घर क्रमांक, किती माणसं राहतात, केव्हा जातात, केव्हा येतात. खाली माहिती देणाऱ्याच्या नावासाठी एक ओळ.

"नाव घातलंच पाहिजे असं नाही, मावशी," तोमे म्हणत होता. "आम्हाला फक्त आकडा हवा. खरा आकडा. वरचे लोक लपवतात ना."

मावशीचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. खुलला होता. इतक्या वर्षांत तिला कोणी काही विचारलं नव्हतं. "मोजते की," ती म्हणाली. "मला दुसरं काम काय?"

जाताना तोमे माझ्याकडे बघून हसला. "तुमच्याबद्दल नाही हं हे. तुम्ही वेगळ्या. तुम्ही आमच्यातल्या."

"सव्वीस वर्षांनी कळलं, बरं झालं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून मावशीच्या खिडकीत एक बशी आणि वाटीभर चणे. पडद्याआड बसायचं, समोरच्या दारातून एक माणूस गेला की बशीत एक चणा. आकडा काही जमेना. पहाटे अंधारात गाडी येते, सगळ्यांच्या टोप्या एकसारख्या, एक जण विसरलेला डबा घ्यायला परत आत जातो. एक दिवस अकरा चणे, एक दिवस सतरा.

"तुला त्यांची भाषा येते," ती मला म्हणाली. "किती आहेत?"

"नऊ."

"खोटं."

"मावशी..."

"खोटं बोलताना तू डबा दोन्ही हातांनी धरतेस. सहा वर्षं बघतेय."

मी डबा टेबलावर ठेवला. ती चणे बशीत इकडे तिकडे ढकलत आपल्याशीच म्हणाली, "माणसं मोजायचीच नसतात. चुकतं. पाव मोजायचे. घरात पाव किती जातात ते कळलं की माणसं आपोआप कळतात."

हे ती इतकं सहज म्हणाली. जिच्या घरातला पाव मोजला गेला तिला हे सुचावं? मी विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि उठून पडदा ओढला. "डबा ठेव आणि जा तू."

टीकारामला मी सांगितलं, सांभाळून राहा. तो म्हणाला, ताई, चौदा माणसांनी सांभाळून कसं राहायचं? खोकला तरी येणारच. आणि त्याच आठवड्यात त्यांनी एक चूक केली. फळांचा हंगाम चढलेला, रोट्या लाटायला वेळ नाही, म्हणून त्यांनी इझौराकडे पाव लावला. साधी पिशवी पुरेना, म्हणून तिने त्यांना उशीचा अभ्रा दिला. सोमवारी पहाटे समोरच्या दाराला तो पांढरा अभ्रा लटकला, पोट फुगवून. आकडाच जणू कडीला टांगून ठेवला.

मजुरांच्या घराला लागूनच आमचं घर; मी स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीत दिवा लावत होते. गल्लीत नुकतं उजाडत होतं. मजुरांची गाडी आठवड्यातून त्या एका दिवशी उशिरा यायची, घर अजून आत झोपलेलं. मावशीचं दार उघडलं. पायात सपाता, अंगावर तो कोट. ती गल्ली ओलांडून गेली आणि अभ्र्यात हात घातला. ओठ हलत होते. एक, दोन, तीन.

देवीसमोर काडी पेटलेली तशीच धरून मी उभी, बोटाला चटका बसला तेव्हा भान आलं.

इझौराची गाडी कोपऱ्यावर उभी होती. ती वरच्या घराला पाव घालून परत येत होती, पायी. मावशीच्या मागे येऊन थांबली.

"सात आहेत, मावशी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "अर्धा अर्धा खातात. कशाला त्रास घेता? मलाच विचारायचं. गावाच्या हिशेबी मोजणं हा आमचाच धंदा ना?"

मावशीचा हात अभ्र्यातच राहिला.

"माझे आजोबा मरताना म्हणाले, 'मी मोजले नव्हते.' मी त्यांच्या हातावरचं पीठ पुसत होते तेव्हा. आज बघितलं, पाव मोजताना हात कसा दिसतो ते." एवढं बोलून इझौरा गाडीत बसली आणि गेली.

त्या दिवशी मावशीने डबा घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी दारावर कपाळ टेकून म्हटलं, आता शिपाई बोलावून दार तोडते. तेव्हा कडी निघाली. "कोण?" विचारलं नाही याचीच मला भीती वाटली.

फळी लावलेली, रेडिओ मोठा. चुलीपाशी बसली, त्याच चुलीपाशी.

"रविवारी धर्माचा वर्ग असायचा," तिने सुरुवात केली. "मी अकरा वर्षांची. जमीनदाराच्या कारभाऱ्याची बायको शिकवायची, डोना हेर्मिनिया. तिच्याकडे गरम कोको मिळायचा. आमच्या घरी कोको कोणी पाहिला होता? त्या दिवशी गोष्ट होती पाच पावांची. प्रभूने पाच पावांत हजारो लोक जेवू घातले ती. गोष्ट झाली आणि ती म्हणाली, प्रभूला पाव मोजलेले आवडतात, सांगा पाहू, तुमच्या घरी किती पाव येतात? कोणी म्हणालं दोन, कोणी म्हणालं एकच. मला वाटलं, कमी सांगितलं तर आम्ही गरीब दिसू. मी उभी राहिले. म्हटलं, आमच्याकडे चार! आधी तीन होते, आता चार."

रेडिओवर कोणीतरी मोठ्याने हसत होतं.

"तिने मला दुसरा पेला कोको दिला. गुरुवारी ते आले."

मी तिचा हात हातात घेतला, तिने घेऊ दिला.

"आई म्हणाली, बेलार्मिनोच तो. मी गप्प बसले. मग रोज गप्प बसायला लागलं. त्याचा पाव खायची मला लाज वाटायची, शैला. लोकांना वाटलं राग आहे. मी वाटू दिलं. आई गेली, तो गेला, मी गप्पच. आणि सगळ्यांकडे बघायची, हा चोर, तो खोटारडा." ती थांबली. "तोमेने विचारलं ना, तेव्हाही कोकोचा वास आला मला. खरं सांगते. आणि तरी मी हो म्हटलं."

मग तिने चष्मा लावला आणि तोमेचा तो छापील कागद टेबलावर घेतला. तिचं अक्षर मी पहिल्यांदा पाहिलं, मोठं, शाळकरी, एकेक अक्षर वेगळं. घर क्रमांक या जागी तिने स्वतःच्या घराचा क्रमांक लिहिला. किती माणसं राहतात: चार, एक चुलीमागे. तारखेच्या जागी, मे १९६२. आणि माहिती देणाऱ्याचं नाव, जे घातलंच पाहिजे असं नाही म्हणून तोमे सांगून गेला होता, तिथे तिने पूर्ण नाव लिहिलं. कुस्तोदिया, वेनांसियोची बहीण.

"हा तोमेला नाही द्यायचा. इझौराला दे."

"तुम्ही द्या," मी म्हटलं.

"माझ्याच्याने होणार नाही."

"मावशी, पोदेराच्या नातीला माझ्या हातून कागद गेला तर गावात काय म्हणतील? बाहेरच्या बाईने बनवला. तुम्हीच जायला हवं."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी तिला फसवत तर नाही ना, हे ती तपासत होती, मला कळलं. शेवटी कोट घातला.

भट्टीवर त्या वेळी चार बायका होत्या. मावशीने कागद इझौराच्या पिठाळ हातात दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मोठ्याने वाच." इझौराने मनातच वाचला. दुसऱ्यांदा वाचला, आणि मग मोठ्याने वाचला. इझौराने कागदाची घडी केली, एप्रनच्या खिशात घातली आणि म्हणाली, "आजोबा गेले त्याला एकतीस वर्षं झाली, मावशी." बस, इतकंच. पाठ फिरवली आणि भट्टीत फावडं घातलं.

तोमे शनिवारी आला. मावशीने दार उघडलं पण आत घेतलं नाही. मी समोर माझ्या खिडकीतूनच ऐकलं, कारण त्या दिवशी मावशीची फळी उघडी होती आणि रेडिओ बंद.

"झाली का मोजणी?"

"चणे शिजवून खाल्ले," मावशी म्हणाली.

"असं काय करता? तुम्ही तर आमच्या!"

"मी कुणाची आहे ते मतपेटी बघून घेईल. पण पाव मोजायला दुसरं कोणीतरी बघ. एकदा मोजले मी, पुरले आयुष्याला."

निवडणूक झाली. मत कुणाला दिलं म्हणून मी विचारलं. "गुप्त असतं ते," म्हणाली. दाराच्या मागचं भित्तिपत्रक मात्र तिथेच होतं आणि मीही पुढे विचारलं नाही. त्यानंतर दहा दिवसांनी तपासणीवाले खरंच गावात आले, पण आमच्या गल्लीत नाही, खालच्या आळीत. तिथलं एक घर दुपारपर्यंत रिकामं झालं. म्हणजे कोणीतरी कागद भरला होता. कोणी, ते कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रात सगळे एकमेकांकडे बघून आधी आवाज खाली करत आणि मग बोलत. टीकारामच्या घरचा अभ्रा लटकत राहिला. चौदाचे चौदा हंगाम संपेपर्यंत राहिले.

आणि मावशीच्या दाराला पिशवी लागली. जुन्या फ्रॉकची, निळी, तिने स्वतः शिवलेली. रोज पहाटे मी दिवा लावताना बघायचे. इझौराची गाडी यायची, समोर पाव घालायची, शेजारी घालायची आणि निळ्या पिशवीपुढून निघून जायची. मावशी सातला दार उघडून रिकामी पिशवी आत घ्यायची. दुसऱ्या दिवशी परत टांगायची. किती दिवस चाललं हे, मी मोजायचं नाही ठरवलं होतं. पण महिन्याच्या वर झालं.

एके दिवशी मी डबा घेऊन गेले तर टेबलावर पाव. वरच्या बाजूने फुगलेला, अजून ऊबदार. मावशी समोर हात बांधून बसलेली, जसा तो पाव चौकशीला आणलाय.

"कोणी घातला? तू?"

"नाही हो."

"डबा खाली ठेव आणि मग बोल."

मी डबा ठेवला, दोन्ही हात दाखवले. "नाही, मावशी. इझौराने घातला. मी खिडकीतून बघितलं."

तिने पाव उचलला, उलटा केला, खालून टकटक वाजवला, वास घेतला. पोटातून सुरी घालून उघडला आणि आत बघितलं. काही नव्हतं, वाफ होती. मग छातीवर क्रूसाची खूण केली, एक मोठा तुकडा मोडला आणि माझ्यापुढे धरला.

"आधी तू खा," म्हणाली. "काय सांगावं."